वाळूवरची वळी : लाटा तळाची वाळू कशी उचलतात आणि हर्था एअर्टन यांनी ते कसे उलगडले

१/
ओहोटी लागली की पुळणीवर वाळूच्या समांतर वळ्या उघड्या पडतात. शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या, पण बोटभर उंचीच्या. भरती त्यांना झाकते, पुढची ओहोटी पुन्हा तशाच वळ्या दाखवते. ही लाटेने जाता जाता उमटवलेली खूण, एवढाच अर्थ माणसाने दीर्घकाळ लावला. प्रत्यक्षात ती केवळ खूण नव्हे. तळाची वाळू उचलण्याचे लाटेचे ते अवजार आहे. हे ज्यांनी काचेच्या टाकीत वाळू ठेवून उलगडले, त्या स्त्रीला इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठित विज्ञानसंस्थेने सदस्यत्व नाकारले होते. कारण ती विवाहित होती. हा धागा त्या वळीचा आणि त्या स्त्रीचा.

२/
प्रथम लाटेविषयी. लाट किनाऱ्याकडे धावताना दिसते, म्हणून पाणीही धावत असावे असे वाटते. तसे नसते. खोल समुद्रात तरंगणारा लाकडाचा तुकडा पाहावा. लाट येते तेव्हा तो वर चढतो, थोडा पुढे जातो, मग खाली उतरतो आणि मागे येतो. जवळजवळ होता तिथेच राहतो. पाण्याचा प्रत्येक कण असाच एका वर्तुळात फिरत असतो. पुढे जाते ती ऊर्जा. पाणी जागच्या जागी घुमते.

३/
ही वर्तुळे खाली जावे तशी लहान होत जातात. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ संपते. दर दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची खोल समुद्रातील लांबी सुमारे १५६ मीटर असते. म्हणजे तिचा स्पर्श साधारण ७८ मीटर खोलीपर्यंत पोहोचतो. त्याहून उथळ पाण्यात लाटेला तळ जाणवू लागतो. वर्तुळे चपटी होतात, लंबगोल होतात आणि अगदी तळाशी त्यांची नुसती सरळ रेघ उरते. तिथे पाणी वर-खाली होत नाही. फक्त पुढे-मागे, पुढे-मागे सरकते.

४/
कोडे इथेच आहे. तळालगत पाणी आडवे सरकते. वाळूचा कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड. आडवा प्रवाह त्याला फार तर लोळवील. वर कसा उचलील? आणि पाणी जितके पुढे तितकेच मागे येत असेल, तर सपाट वाळू सपाटच राहायला हवी. मग ठरावीक अंतराने उभ्या राहणाऱ्या या वळ्या येतात कुठून? किनाऱ्यालगतच्या लाटांचे पाणी गढूळ होते, ते कशाने?

५/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न विद्वानांच्या गंभीर चर्चेचा झाला. स्वित्झर्लंडमध्ये फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल हे जिनिव्हा सरोवराच्या तळावरील वळ्यांचा अभ्यास करीत होते. १८८३ साली चार्ल्स डार्विन यांचे पुत्र, गणिती व खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज डार्विन यांनी गोल भांड्यात पाणी व वाळू घेऊन ते भांडे आलटून-पालटून दोन्ही दिशांना हलवले. पाण्यात शाई सोडून त्यांनी पाहिले, तेव्हा वळ्यांच्या आडोशाला लहान लहान भोवरे फिरताना दिसले. भोवऱ्यांचा वळीशी संबंध आहे, हे स्पष्ट झाले. पण वळी मुळात जन्मते कशी आणि एकीपासून अनेक कशा होतात, हे नीट उलगडायचे होते.

६/
ते उलगडणारी व्यक्ती या क्षेत्रातली नव्हतीच. तिचे जन्मनाव फीबी सेरा मार्क्स. जन्म २८ एप्रिल १८५४, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टसी येथे. वडील पोलंडमधून आलेले ज्यू घड्याळजी. १८६१ मध्ये ते वारले आणि मोठे कुटुंब आईच्या शिवणकामावर आले. नवव्या वर्षी या मुलीला लंडनमध्ये मावशी चालवीत असलेल्या शाळेत पाठवण्यात आले. किशोरवयात तिने स्वतःसाठी ‘हर्था’ हे नाव स्वीकारले आणि जगाने तिला त्याच नावाने ओळखले.

७/
स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या बार्बरा बोदिशाँ यांच्या साहाय्याने हर्था केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकल्या. १८८० मध्ये त्यांनी गणिताची परीक्षा दिली. परंतु केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. पदवी त्यांना १८८१ मध्ये लंडन विद्यापीठाकडून मिळाली. पुढे संध्याकाळच्या वर्गांत त्या विद्युत्‌शास्त्र शिकू लागल्या. तिथले प्राध्यापक विल्यम एअर्टन हे तरुणपणी काही वर्षे भारतातील तारखात्यात काम करून आलेले. १८८५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

८/
त्या काळी रस्त्यांवर विजेच्या कमानीचे दिवे असत. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटे. ती फुरफुरे, आवाज करी, मध्येच लुकलुके. हा आवाज कार्बनला भिडणाऱ्या प्राणवायूमुळे होतो, हे हर्था एअर्टन यांनी प्रयोगाने सिद्ध केले. १८९९ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सदस्य. १९०१ मध्ये त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, पण वाचला जॉन पेरी यांनी. लेखिकेला तो मान नव्हता.

९/
१९०२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. सोसायटीने कायदेपंडितांचे मत मागवले. उत्तर आले की विवाहित स्त्री सदस्य होण्यास पात्र नाही. तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या परंपरेत विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात विलीन झालेले मानले जाई. संशोधनाच्या गुणवत्तेवर चर्चाच झाली नाही. जी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण व्यक्तीच नव्हती, ती सदस्य कशी होणार?

१०/
याच सुमारास विल्यम एअर्टन यांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी हे कुटुंब मार्गेट या समुद्रकाठच्या गावी राहिले. विजेची उपकरणे लंडनमध्ये राहिली. समोर होती पुळण, भरती-ओहोटी आणि वाळूतल्या वळ्या. रिकामा वेळ आणि शिकवलेला डोळा एकत्र आले की जे होते, तेच झाले. कमानीच्या ज्योतीत लय शोधणाऱ्या या बाई आता वाळूतली लय शोधू लागल्या.

११/
लंडनला परतल्यावर घरातच काचेच्या टाक्या मांडल्या गेल्या. तळाशी वाळूचा थर, वर पाणी. टाकी संथपणे झुलवली की पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हेलकावे घेई. लाटेखालच्या तळाशी जे घडते त्याची ही छोटी प्रतिकृती. काचेमुळे सारे बाजूने दिसे. वाळू प्रथम अगदी गुळगुळीत करायची, मग पाणी झुलवायचे आणि पाहत राहायचे. गणिताने न सुटणारी गोष्ट डोळ्यांनी सोडवायची, हा त्यांचा मार्ग होता.

१२/
त्यांच्या ध्यानी आलेली मुख्य गोष्ट अशी. सपाट वाळूवर कुठेतरी एक क्षुल्लक उंचवटा असतो किंवा मुद्दाम केलेला असतो. पाणी त्याच्यावरून पलीकडे सरकताना उंचवट्याच्या आडोशाला उलटे वळते आणि तिथे एक आडवा भोवरा तयार होतो. हा भोवरा तळ खरवडतो. खरवडलेली वाळू काही उंचवट्याकडे ओढली जाते, काही पलीकडे साचते. उंचवट्याशेजारी खळगा पडतो आणि खळग्यापलीकडे दुसरा उंचवटा उभा राहतो.

१३/
पाणी उलटे फिरले की हेच दुसऱ्या अंगाला घडते. नवा उंचवटा आपल्या आडोशाला आपला भोवरा निर्माण करतो, तो तिसरा उंचवटा रचतो, तिसरा चौथा. एका वळीतून दोन्ही बाजूंना वळ्यांची रांग पसरत जाते. म्हणजे सगळ्या वळ्या एकाच वेळी वरून ‘छापल्या’ जात नाहीत. शेजारीण शेजारणीला जन्म देते. पाणी दोन्ही दिशांनी सारख्याच जोराने सरकत असल्याने वळीचे दोन्ही उतारही सारखे राहतात. एकाच दिशेने वाहणाऱ्या नदीतल्या वळीचा एक उतार मंद आणि दुसरा तीव्र असतो. लाटेतली वळी अशी कलती नसते.

१४/
आता वाळू वर कशी उचलली जाते, याचे उत्तर मिळते. पाणी पुढे सरकते तेव्हा वळीच्या आडोशाचा भोवरा वाळू गोळा करून फिरत राहतो, जणू मुठीत धरून. मग पाणी थांबते आणि मागे फिरते. त्या क्षणी भोवऱ्याचा आडोसा सुटतो. तो वाळूसकट वळीच्या माथ्यावरून वर फेकला जातो आणि पाण्यात विखुरतो. प्रत्येक लाटेमागे दोनदा, एकदा जाताना आणि एकदा येताना, प्रत्येक वळीवरून वाळूचा असा लोट उठतो. आडव्या हालचालीला उभी करणारी रवी म्हणजे ही वळी. लाट दोरी ओढते, घुसळण वळी करते.

१५/
१९०४ मध्ये ‘वाळूतील वळ्यांचा उगम व वाढ’ या विषयावरील निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. या वेळी तो वाचला खुद्द हर्था एअर्टन यांनी. त्या संस्थेपुढे स्वतःचा निबंध वाचणारी ही पहिली स्त्री. १९०६ मध्ये सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले, विजेची कमान आणि वाळूतील वळ्या या दोन्ही संशोधनांसाठी. पदक दिले, सदस्यत्व मात्र दिले नाही. हे पदक पुन्हा एखाद्या स्त्रीला मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

१६/
१९०८ मध्ये विल्यम एअर्टन वारले. हर्था यांचे संशोधन चालू राहिले आणि मताधिकाराचा लढाही. १८ नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या संसदेवर गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळात एमेलीन पँकहर्स्ट यांच्यासह त्या होत्या; त्या दिवशी पोलिसांनी स्त्रियांना केलेल्या मारहाणीमुळे तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. तुरुंगातील उपोषणाने खंगलेल्या पँकहर्स्ट यांची शुश्रूषा पुढे त्यांनी आपल्या घरी केली. १९१२ च्या उन्हाळ्यात आजारी मेरी क्यूरी यांनाही त्यांनी समुद्रकाठी आपल्याकडे विश्रांतीला ठेवून घेतले.

१७/
मग भोवऱ्याने अनपेक्षित वळण घेतले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. हा वायू हवेपेक्षा जड. तो खंदकांत उतरून साचून राही. साठी ओलांडलेल्या एअर्टन यांना यात आपली टाकीच दिसली. वाळूऐवजी वायू, वळीऐवजी खंदकाची कड. दिवाणखान्यात खंदकांच्या छोट्या प्रतिकृती आणि धूर घेऊन त्यांनी प्रयोग केले. जमिनीवर विशिष्ट पद्धतीने आपटला की हवेचे भोवरे पुढे ढकलणारा एक पंखा त्यातून तयार झाला.

१८/
मेणकापड, वेताच्या काड्या आणि एक दांडा, एवढेच त्याचे साहित्य. युद्धखात्याने आधी दुर्लक्ष केले, पुढे स्वीकार केला. सुमारे १,०४,००० पंखे पश्चिम आघाडीवर पाठवले गेले. त्यांचा उपयोग किती झाला, याविषयी सैनिकांत व अधिकाऱ्यांत मतभेद होते. नीट न शिकवता हाती दिलेला पंखा कुचकामी ठरे, असे एअर्टन यांचे म्हणणे होते. पण वाळूच्या वळीपासून खंदकापर्यंत विचाराची दोरी एकच होती. कडेच्या आडोशाला जन्मणारा भोवरा ओझे उचलून नेऊ शकतो, हीच ती दोरी.

१९/
२६ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी मृत्युलेख लिहिला. प्राध्यापक एअर्टन यांना घरी आल्यावर सपाता पुढे करणारी, नीट खाऊ-पिऊ घालणारी साधी बायको मिळायला हवी होती, असा त्याचा सूर होता. रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्री-सदस्य निवडल्या त्या १९४५ मध्ये : कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीव्हनसन. एअर्टन यांच्या नकाराला तेव्हा ४३ वर्षे झाली होती.

२०/
वळीचा अभ्यास तिथे थांबला नाही. राल्फ बॅग्नोल्ड हे ब्रिटिश लष्करी अभियंते लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडले होते; वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरचा त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये ते लाटेखालच्या वाळूकडे वळले. त्यांची युक्ती उलटी होती. पाणी हलवण्याऐवजी त्यांनी स्थिर पाण्यात वाळूचा तळच पुढे-मागे झुलवला. त्यामुळे हेलकाव्याची लांबी आणि वेग हवा तसा मोजून ठेवता आला.

२१/
बॅग्नोल्ड यांनी वळ्यांच्या दोन अवस्था वेगळ्या केल्या. सुरुवातीला कण नुसते लोळतात आणि ठेंगण्या, मंद उताराच्या वळ्या होतात. त्यांना आडोसा नसतो, म्हणून भोवराही नसतो. त्या पुरेशा उंच झाल्या की भोवरा जन्मतो आणि तिथून वळीचे रूप पालटते. ती उंच आणि टोकदार होते, वाळूचे लोट उठू लागतात. हेलकावा मोठा तशा या वळ्या एकमेकींपासून दूर जातात. लाट फारच जोराची झाली तर मात्र वळ्याच पुसल्या जातात आणि वाळूची जाड चादर तळावरून सरकू लागते.

२२/
पण वाळू उचलणे वेगळे आणि नेणे वेगळे. लाट सारखीच पुढे-मागे झाली तर उचललेली वाळू तिथेच पडेल. उथळ पाण्यात मात्र लाटेचा तोल बिघडतो. माथा टोकदार होतो, दोन माथ्यांमधला भाग पसरट. तळाशी किनाऱ्याकडचा झटका थोडा वेळ पण जोराचा, समुद्राकडचा परतीचा ओघ लांब पण मंद. जाड कण जोराच्या झटक्यालाच हलतात, म्हणून ते किनाऱ्याकडे सरकतात. वादळी लाटांत उलट होते. पाण्यात उधळलेली वाळू तळालगतच्या परतीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जाते. कोकणातली पुळण पावसाळ्यात झिजते आणि शांत महिन्यांत पुन्हा भरून येते, ती याच देवघेवीमुळे.

२३/
लाट किनाऱ्यावर तिरपी आली तर आणखी एक गोष्ट घडते. फुटणाऱ्या लाटा किनाऱ्याला समांतर प्रवाह निर्माण करतात. लाट वाळू उचलते, प्रवाह ती पुढे नेतो. एकटा हा प्रवाह पुष्कळदा वाळू हलवू शकत नाही. पण लाटेने आधीच उचललेली वाळू वाहून न्यायला त्याला फारसा जोर लागत नाही. टाकीतल्या वळीवर उठणारा चिमूटभर लोट आणि मैलोन्‌मैल वाहणारी किनारपट्टीची वाळू, या दोहोंमधला दुवा हा.

२४/
या दुव्याची किंमत भारतात मद्रासने मोजली. तिथला किनारा सरळ, उघडा, आडोसा नसलेला. जहाजे दूर उभी राहत आणि माणसे व माल फेसाळत्या लाटांतून होड्यांनी किनाऱ्यावर येई. १८७५ मध्ये अभियंते विल्यम पार्क्स यांच्या आराखड्यानुसार समुद्रात शिरणाऱ्या दोन भिंतींचे बंदर बांधायला सुरुवात झाली. नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने अपुऱ्या भिंती मोडल्या. त्या पुन्हा उभारल्या गेल्या. वादळ दिसले, त्याचा हिशेब झाला. वाळूचे आक्रमण मात्र आवाज न करता चालले होते.

२५/
या किनाऱ्यावर वर्षाचा बहुतेक काळ लाटा दक्षिणेकडून तिरप्या येतात आणि वाळू उत्तरेकडे जाते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काही महिन्यांत उलट. हिशेबाची शिल्लक उत्तरेकडची. बंदराची भिंत या वाटेत आडवी उभी राहिली. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरीना किनारा रुंदावला. पूर्वेकडे तोंड असलेले बंदराचे प्रवेशद्वार गाळाने उथळ होऊ लागले. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकिर्दीत ते बंद करून ईशान्येला नवे द्वार काढावे लागले.

२६/
आणि उत्तरेला? तिकडे जाणारी वाळू भिंतीने अडवली. लाटा मात्र अडल्या नाहीत. त्या पूर्वीप्रमाणेच वाळू उचलत राहिल्या, प्रवाह ती नेत राहिला, पण दक्षिणेकडून नवी वाळू येईना. रोयापुरम् आणि त्यापलीकडचा किनारा खचत गेला. कोळ्यांच्या वस्त्यांपुढची पुळण गेली, घरे धोक्यात आली, दगडांचे बांध घालावे लागले. एकाच भिंतीने शहराला दक्षिणेकडे विहारासाठी विस्तीर्ण वाळवंट दिले आणि उत्तरेकडच्या गरिबांच्या पायाखालची वाळू नेली.

२७/
म्हणूनच आज कोणतेही बंदर बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती पाण्यात उभारून लाटा सोडल्या जातात. पुण्याजवळ खडकवासल्यात १९१६ पासून परंपरा असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हेच काम करते. तिथल्या लांबरुंद टाक्या आणि लंडनमधल्या एका घरातल्या काचेच्या टाक्या यांचे आकार वेगळे, पद्धत तीच. समुद्र लहान करून समोर ठेवायचा, लाट सोडायची आणि तळ काय करतो ते पाहायचे.

२८/
लाटेखालच्या वळ्या कधीकधी दगडात टिकून राहतात. विंध्य पर्वतातल्या अतिप्राचीन वालुकाश्मांवर त्या आजही दिसतात. दोन्ही उतार सारखे असतील तर भूशास्त्रज्ञ सांगतो की इथे कधीकाळी उथळ पाणी होते आणि त्यावर लाटा होत्या. पुढच्या ओहोटीला पुळणीवर पाऊल टाकताना पायाला एक वळी लागली, तर तिचे दोन्ही उतार बोटाने चाचपून पाहावेत. पाणी तिच्यावरून किती वेळा आले नि गेले, याचा जमाखर्च तिथे लिहिलेला असतो. तो वाचायला शिकवणाऱ्या बाईंचे नाव मात्र त्या विद्वत्सभेच्या सदस्यांच्या यादीत कधीच लिहिले गेले नाही.

(धागा समाप्त)